मंगळावरच्या चौकीत सुभेदार कुठे आहे?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आठ जण, सगळे सोलापूरचे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. वीस मिनिटांची सायफाय शॉर्टफिल्म करताय. साल २०९०, मंगळावर भारतीय सैन्याची एक चौकी, एक कॅप्टन, पाच जवान आणि बाहेर काहीतरी अनोळखी. बजेट ६० हजार. चाचणी म्हणून चार मिनिटं शूट केली आणि घरी दाखवली, तर सगळे हसले. 'पोरं खेळण्यातल्या बंदुका घेऊन फिरतायत' म्हणाले. आता तू विचारतोस की पैसे बंदुकांवर घालू, चिलखतावर घालू की व्हीएफएक्सवर, म्हणजे संगणकावर केलेल्या दृश्यांवर.

वयानं तू माझ्या धाकट्या मुलापेक्षाही लहान असणार, म्हणून 'तू'च म्हणतो. मी सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संपर्क सांभाळणाऱ्या दलात, २६ वर्षं काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता जुळे सोलापूरला राहतो. गेली काही वर्षं इथल्या एकांकिका आणि शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांना सैनिकाच्या भूमिकांसाठी मदत करतो. सिनेमातला तज्ज्ञ मी नाही. पण सैनिक कुठं खोटा पडतो ते मला लगेच दिसतं, आणि तुझी गोष्ट वाचून जे दिसलं ते सांगतो.

घरचे बंदुका बघून हसले असं तुला वाटतंय. माझ्या मते ते तुमची वयं बघून हसले. तुमचा कॅप्टन एकवीस वर्षांचा, जवान एकवीस वर्षांचे, सगळे एकाच वर्गातले, सगळ्यांची दाढी सारखीच उगवलेली. अशी तुकडी जगात कुठल्याही सैन्यात नसते. खऱ्या तुकडीत कॅप्टन पंचविशी-सव्विशीतला असतो, त्याच्या खाली नोकरीची वीस-पंचवीस वर्षं झालेला, पंचेचाळिशीतला सुभेदार असतो, मधे हवालदार आणि नायक, आणि शेवटी नुकताच ट्रेनिंग संपवून आलेला, घरची आठवण काढणारा एखादा पोरगा. कॅप्टन सुभेदाराला 'साहेब' म्हणतो आणि सुभेदारही कॅप्टनला 'साहेब'च म्हणतो. दोघांच्या 'साहेब'मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक पकडला तर तुझी अर्धी फिल्म तिथंच उभी राहते. पहिल्या साहेबात 'तुम्ही जास्त पाहिलंय' असं असतं, दुसऱ्यात 'हुकूम तुमचा चालेल, पण मला एकदा विचारा' असं असतं. माझ्या नोकरीत असे तरुण अधिकारी मी डझनभर तरी पाहिले. चांगले होते ते पहिल्या महिन्यात फार बोलायचे नाहीत.

तुझ्या गोष्टीत सुभेदारच नाही! कॅप्टनच दार उघडतो, कॅप्टनच रेडिओ लावतो, कॅप्टनच सगळ्यात पुढं पळतो, शेवटी मरतोही तोच. मग बाकीचे पाच जण कशाला नेले एवढ्या लांब? सैनिक एकटा सैनिक दिसत नाही. वर कोण आणि खाली कोण, हे कळलं की मग दिसतो. म्हणून पहिलं काम, बिनपैशाचं: हुतात्मा स्मृती मंदिरात हौशी नाटकाच्या वेळी जा, पन्नाशीच्या आसपासचा एक चांगला नट हेर आणि त्याला सुभेदार कर. त्याला चहा पाज, गाडीनं ने-आण कर. त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या साठ हजारांच्या व्हीएफएक्सनं येणार नाहीत.

तुला एक उदाहरण देतो, कारण ते थेट तुझ्या कामाचं आहे. जेम्स कॅमेरॉनचा 'एलियन्स', १९८६ चा. त्यात तुकडीचा लेफ्टनंट गोरमन चिलखती गाडीत बसून राहतो आणि जवानांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांतून पडद्यावर सगळं बघतो. प्रत्यक्ष लढाईचा अनुभव त्याला जवळजवळ नाहीच. आत माणसं मरायला लागतात, चित्रं येत राहतात, आणि हा थिजतो. शेवटी हुकूम एका कॉर्पोरलच्या, म्हणजे बऱ्याच खालच्या हुद्द्याच्या सैनिकाच्या, हातात जातो. मी सिग्नल्सचा माणूस. माझ्या दृष्टीनं हा राक्षसांचा सिनेमा नाहीच. बातमी अगदी वेळेत पोचली आणि निर्णय पोचला नाही, त्याची ही गोष्ट आहे. आणखी एक. सैनिकांचं काम करणाऱ्या नटांना कॅमेऱ्यापुढं जाण्याआधी एकत्र सैनिकी सराव दिला होता आणि गोरमनचं काम करणाऱ्या नटाला मुद्दाम त्यातून बाहेर ठेवलं होतं, म्हणजे तो परका वाटावा. हे तुलाही फुकट करता येईल. पाच जवानांनी पंधरा दिवस रोज पहाटे पार्क स्टेडियमला एकत्र पळायचं, एकत्र नाष्टा करायचा. कॅप्टनचं काम करणाऱ्यानं त्यात यायचं नाही. शूटिंगच्या पहिल्या दिवशी तो आला की बाकीच्यांच्या नजरा आपोआप बदलतील.

आता विज्ञानाकडं येऊ, कारण तू सायफाय म्हणतोस आणि मला तुझ्या गोष्टीत सायन्स फक्त खिडकीबाहेरच्या लाल रंगात दिसलं.

तुझ्या गोष्टीत कॅप्टन दिल्लीशी असा बोलतो जसा मी सात रस्त्यावरून घरी फोन करतो. पृथ्वी आणि मंगळ जवळात जवळ आले तरी अंतर साडेपाच कोटी किलोमीटरच्या घरात, लांबात लांब गेले की ४० कोटी. रेडिओचा संदेश प्रकाशाच्या वेगानं जातो, त्याहून जोरात काहीच जात नाही. म्हणजे एका बाजूचा संदेश पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं. 'बाहेर हालचाल दिसते, गोळी चालवू का?' असं विचारलंस, तर उत्तर यायला कमीत कमी सहा मिनिटं आणि जास्तीत जास्त पाऊण तास. तोवर बाहेरचं जे काही आहे ते आत येऊन बसलेलं असेल. चंद्रावरची गोष्ट असती तर सव्वा सेकंद उशीर झाला असता, म्हणजे फक्त बोलणं अडखळलं असतं. मंगळावर मात्र हुकूम ही गोष्टच मोडते.

हे मला इतकं भिडतं कारण आमची सगळी नोकरी याच्याभोवती. बर्फातल्या एका उंच चौकीवर मी होतो. थंडीत बॅटऱ्या मान टाकतात, म्हणून रात्री त्या स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपायचो, लेकराला घ्यावं तसं. एकदा वादळात दोन दिवस खालच्या मुख्यालयाशी संपर्क नव्हता. शत्रू आला नाही, काहीच झालं नाही. पण त्या दोन दिवसांत आमच्या तरुण साहेबांचा चेहरा मी पाहिलाय. दर अर्ध्या तासानं ते माझ्याजवळ यायचे आणि विचारायचे, "साहेब, काही?" मी म्हणायचो, "नाही साहेब." एवढंच. तुझ्या फिल्ममध्ये हा एक प्रसंग तीन वेळा आला तरी चालेल.

आणि आता तुला एक गोष्ट सांगतो, जी तुझ्या पटकथेला चाक लावेल. साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मधे येतो. त्या काळात सूर्याच्या गडबडीत संदेश खराब होतात, म्हणून जवळजवळ दोन आठवडे यानांना नवीन आज्ञा पाठवणं बंद ठेवतात. जून २०१५ मध्ये आपल्या मंगळयानाचाही असाच संपर्क तुटला होता. त्याआधीच त्याला स्वतःचं स्वतः सांभाळेल असं तयार करून ठेवलं होतं. तुझी चौकी त्या दोन आठवड्यांत बसव. शेवटचा हुकूम येतो, अर्धवट, खरखरीत. त्याचा अर्थ कॅप्टन एक लावतो, सुभेदार दुसरा. पुढचे दोन आठवडे विचारायला कुणी नाही. बाहेरचा तो अनोळखी प्राणी दाखवायची गरजच उरत नाही. त्याचे पैसे वाचले.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि तीही गोष्टीच्याच कामाची. १९६७ चा अंतराळ करार आहे, भारत त्यात आहे. त्यातलं चौथं कलम म्हणतं की चंद्रावर किंवा दुसऱ्या ग्रहांवर लष्करी तळ उभारायचा नाही, शस्त्रांच्या चाचण्या करायच्या नाहीत. पण संशोधनासाठी सैन्यातली माणसं वापरायला बंदी नाही. म्हणजे तुझी 'मंगळावरची सैन्य चौकी' सरळसरळ करार मोडते. घाबरू नको, हे चांगलंच आहे. कागदावर ते संशोधन केंद्र ठेव. माणसं सैन्याची, काम मातीचे नमुने गोळा करायचं, आणि बंदुका एका कुलूपबंद पेटीत, जिची यादीत नोंद नाही. किल्ली कुणाकडं? हे मी उगाच रचत नाही. अंटार्क्टिकाला आपलं पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री झालं, तेव्हा तिथं पहिला हिवाळा काढणाऱ्या तुकडीचे प्रमुख सैन्यातले अभियंता अधिकारीच होते. महिनोन् महिने अंधार, बर्फ आणि मोजकी माणसं. त्या लोकांचे अनुभव मिळाले तर वाच, तुझ्या चौकीचं रोजचं जगणं तिथून उचल.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडं, म्हणजे पैशाकडं. यात बरंच काही 'तुझं ठरलं काय' यावर आहे. गोळीबाराची फिल्म करायची असेल तर ६० हजार कमी आहेत, स्पष्ट सांगतो. ताणाची फिल्म करायची असेल तर पुरून उरतील.

बंदुकांवर एक पैसा घालू नको. काही वर्षांपूर्वी मी ज्यांना मदत केली त्या पोरांनी निम्मं बजेट हुबेहूब दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या रायफलींवर घातलं. माळावर शूटिंग सुरू झालं, बाजूच्या वस्तीतल्या कुणीतरी पोलिसांना फोन केला आणि पुढचा अर्धा दिवस ठाण्यात समजावण्यात गेला. दोष आमचाच, आधी लेखी कळवलंच नव्हतं. तू कळव, जवळच्या ठाण्यात अर्ज देऊन पोच घे. बंदुका पेटीत ठेवल्या तर एकच लागेल, तीही शेवटच्या पाच मिनिटांत. वीस मिनिटं बंद असलेली पेटी मला तरी उघड्या दहा रायफलींपेक्षा जास्त भीती घालते.

कपड्यांवर पैसे घाल, पण डोक्यानं. आपलं गाव गणवेश शिवणारं गाव आहे, देशभरच्या शाळांची पोरं सोलापुरात शिवलेले कपडे घालतात. तेव्हा ऑनलाईन काही मागवू नको. एखाद्या शिलाई कारखान्यात जा, साध्या जाड कापडाचे सहा जोड एकाच रंगात शिवून घे, खिसे, पट्ट्या, नावाची जागा स्वतः ठरव. सध्याच्या सैन्याच्या गणवेशाची नक्कल मात्र करू नको. २०२२ च्या सैन्य दिनाला जो नवीन ठिपक्यांचा गणवेश दिसला, त्याच्या डिझाईनची नोंदणी सैन्यानं स्वतःच्या नावावर केलेली आहे. शिवाय लोकांनी खरा सैनिक समजावं म्हणून सैनिकाचा वेष घालणं हा गुन्हा आहे. नाटक-सिनेमात तसा हेतू नसतो, हे खरं. पण शूटिंग संपल्यावर त्याच कपड्यात नवी पेठेत चहाला जाऊ नको. २०९० चा गणवेश तुझा तूच ठरवायचाय, ती मोकळीक वापर.

कपडे शिवून झाले की ते खराब करायचे. पंधरा दिवस सगळ्यांनी घरी घालायचे, त्यातच झोपायचं, गुडघे दगडावर घासायचे. सुभेदाराचा जोड सगळ्यात जुना आणि सगळ्यात नीट ठेवलेला दिसला पाहिजे. नव्या पोराचा जोड नवा आणि चुरगळलेला.

चिलखत करणार असशील तर फोमच्या शीटचं कर, हलकं पडतं. पण हलकं पडतं म्हणूनच ते खोटं दिसतं. टॉम क्रूझचा २०१४ चा 'एज ऑफ टुमॉरो' आहे ना, त्यातले ते यांत्रिक पोशाख खरोखर तीस-पस्तीस किलोंच्या पुढचे होते, म्हणून त्या नटांची चाल तशी दिसते. तुला तेवढं नको. पिट्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, दहा किलो मंगळवेढ्याची ज्वारी भर, चाल बदलते की नाही बघ. खांदे पुढं येतात, पाय जपून पडतो, बसताना माणूस आधी पाठीवरचं ओझं टेकतो. आणि मे महिन्यात फोम घालून दुपारी शूटिंग करायचं नाही. मागच्या वेळी एक पोरगा चक्कर येऊन पडला, हे मी स्वतः पाहिलंय. पहाटे पाच ते आठ, नाहीतर रात्री.

जागेसाठी तू भुईकोट किल्ला म्हणतोस. संरक्षित वास्तू आहे, परवानगीचा व्याप आहे आणि दिसतो तो किल्लाच. पूर्व भागात बंद पडलेले यंत्रमागाचे कारखाने आहेत, त्यातला एखादा दोन रात्रींसाठी मिळव. लोखंडी खांब, पत्रा, भिंतीवर चाळीस वर्षांचं तेल. शेजारचा कारखाना चालू असेल तर फारच छान. ती खटाखट रेकॉर्ड कर आणि हळू करून चौकीतल्या हवेच्या यंत्राचा आवाज म्हणून सगळ्या फिल्मखाली ठेव. सोलापूरच्या माणसाला तो आवाज पोटातून ओळखीचा आहे, कुठून ते कळणार नाही. आणि फिल्ममध्ये एकदाच, फक्त एकदा, तो आवाज बंद कर. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी. हवेचं यंत्र थांबलं याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

बाहेरचे चार-पाच शॉट शहराबाहेरच्या माळावर घे. आपला खडक बेसॉल्ट, मंगळाचाही बराचसा बेसॉल्टच. वरची गंजलेली धूळ तेवढी रंग बदलताना टाक. व्हीएफएक्स इतकंच. उरलेले पैसे ध्वनीवर आणि जेवणावर. उपाशी टीमनं रात्री दोन वाजता केलेलं काम मी पाहिलंय, न बोललेलं बरं.

संवादांबद्दल थोडं. रेडिओवर 'ओव्हर अँड आऊट' लिहिलंयस ते काढ. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, तू बोल. 'आऊट' म्हणजे बोलणंच संपलं. दोन्ही एकदम म्हणणारा ऑपरेटर माझ्या हाताखाली असता तर त्याला मैदानाला चार चकरा मिळाल्या असत्या. ऐकू आलं नाही तर 'रिपीट' म्हणायचं नाही, 'से अगेन' म्हणायचं. तोफखान्यात रिपीट म्हणजे पुन्हा तसाच मारा कर. सॅल्यूट अमेरिकन सिनेमासारखा तळवा खाली करून नको, आपल्या सैन्यात तळवा समोर उघडा असतो. डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूटच नाही, नुसतं सावधान. आणि एवढ्या छोट्या चौकीत दिवसातून वीस वेळा कुणी सावधान होत नाही.

भाषा मात्र तुमची ठेव. तुझे जवान शुद्ध पुस्तकी मराठी बोलतायत, जणू आकाशवाणीवर बातम्या देतायत. एकाला तेलुगू घरातला कर, एकाला कन्नड, एकाला दखनी बोलणारा. कामाचं हिंदीत, भांडणाचं आपापल्या भाषेत, आणि तो नवा पोरगा घाबरला की "काय बे हे?" म्हणेल. तुझी गोष्ट २०९० ची, म्हणजे सत्तर वर्षं पण नाहीत. तेवढ्यात सोलापूरचा 'बे' कुठं जात नाही.

शेवटी एक मुद्दा आहे, तो पटला तर घे. तुझ्या गोष्टीत बाहेरचे ते सगळे वाईट आणि आतले सगळे चांगले आहेत. पॉल व्हरहोव्हन नावाचा दिग्दर्शक, त्यानं १९९७ ला 'स्टारशिप ट्रूपर्स' केला. वरवर बघितलं तर देखणे तरुण सैनिक राक्षसी किड्यांना मारतात. पण हा माणूस लहानपणी हॉलंडमध्ये जर्मन सैन्याच्या ताब्यातल्या शहरात वाढला होता, आणि त्याच्या सिनेमात तो गणवेशाकडं आणि प्रचाराकडं वाकड्या नजरेनं बघतो. सैन्य खिडकीतून कसं दिसतं, ते त्याला ठाऊक होतं. ते आपल्या गावालाही ठाऊक आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला, जूनअखेरपर्यंत होता, आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले. मी आयुष्यभर गणवेश घातला, अभिमानानं घातला. तरी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून जाताना मला दर वेळी वाटतं की तेव्हा रस्त्यावर बंदूक घेऊन उभा असलेला कुणीतरी माझ्यासारखाच हुकूम ऐकणारा पगारी माणूस असेल. तुझ्या चौकीच्या बाहेर जो कुणी आहे, त्याला आतले सहा जण कसे दिसत असतील? एक शॉट तिकडून घे. बाहेरून, काचेतून, आवाजाशिवाय.

नवा खर्डा झाला की इथंच टाक, वाचतो. पात्रांच्या नावापुढं वय आणि नोकरीची वर्षं लिही, बाकी काही नसलं तरी चालेल. आणि सुभेदाराचं काम मला देऊ नको. दोनदा केलंय, दोन्ही वेळा कॅमेऱ्यापुढं संवाद विसरलो आणि खऱ्या कॅप्टनकडं बघावं तसा त्या पोराकडं बघत उभा राहिलो.